बिनकुटाची कोशिंबीर

मारीतचे ओठ सुजायला लागले तेव्हा मी तिला म्हणाले, "सावकाश खा गं, मिरची लागली असेल." कोशिंबिरीत मिरची नव्हतीच. मला ते माहीत होतं, तरी म्हणाले. मग तिच्या मानेवर लाल गांधी उठल्या. ती खोकली, उठायला गेली, आणि ओट्याला धरून खालीच बसली. मी तांब्या पुढे केला. पाठीवर थापट्या मारल्या. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, कुकरची वाफ संपत आली की वाजते तसा बारीक. तिला बोलता येईना. तिने दाराजवळच्या खिळ्याकडे बोट केलं. तिथे तिची पिशवी होती.

दुपारचे दोन वाजले होते. मुलगा कामावर, सून कामावर. घरात आम्ही दोघीच.

मी पिशवी फरशीवर उलटी केली. वही, टोपी, खडूचे तुकडे, बाटली, आणि ती इंजेक्शनची नळी. पहिल्याच आठवड्यात तिने आम्हाला सगळ्यांना समोर बसवून शिकवलं होतं, "निळं आकाशाकडे, केशरी मांडीकडे." तेव्हा मी तोंडाला पदर लावून हसले होते. आता तेच मोठ्यांदा म्हणत होते, शाळेत पाढे म्हणायचो त्या चालीवर. निळं टोपण उपटलं. केशरी टोक सलवारीवरूनच तिच्या मांडीत दाबलं. आत खट् झालं. दहापर्यंत मोजायचं होतं. मी दहा मोजले आणि पुढे अकरा, बारा, तेरा मोजत राहिले, कारण थांबल्यावर काय करायचं ते तिने शिकवलं असलं तरी मी ऐकलं नव्हतं.

हे चार वर्षांपूर्वीच्या चैत्रातलं. काल भाजीच्या गाडीवर कोवळ्या काकड्या दिसल्या. भाजीवाला म्हणाला, "आजी, घ्या, एकदम गार आहेत." मी हात लावला आणि मागे घेतला. मग पुन्हा लावला आणि अर्धा किलो घेतल्या. काकडीचा काय दोष?

चैत्र मला आवडतो. आमच्या धायरीत तो धुळीचा असतो, पण आवडतो. टँकरवाल्याचा हॉर्न, गच्चीवर पसरलेला जुना धुतलेला पडदा, त्यावर वाळत टाकलेल्या कुरडया, चिकाचा आंबूस वास, कैरी किसताना बोटांना येणारा चिकटपणा. पूर्वी गच्चीवरून सिंहगड दिसायचा. आता समोरच्या इमारतीतल्या लोकांचे वाळत घातलेले कपडे दिसतात, आणि दोन इमारतींच्या मधल्या फटीतून गडाचा एक तुकडा. मारीत त्या तुकड्याकडे फार बघायची.

ती नॉर्वेची. मजुरांच्या मुलांसाठी वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या बाई तिला घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "ही मारीत. सहा महिने मुलांना शिकवणार आहे. तुमच्याकडे राहील ना?" सुनीताने, म्हणजे माझ्या सुनेने, आधीच हो म्हणून ठेवलं होतं. मी विचारलं, "मारीत? कोणाला मारीत?" शेजारचे मुल्लाभाऊ दारात उभे होते, ते म्हणाले, "वहिनी, बघा हं, मास्तरीण आहे. नावातच छडी आहे." पोरीला काही कळलं नाही. तरी ती आमच्याबरोबर हसली. तेवीस वर्षांची, ताडमाड उंच, पंख्याचं पातं चुकवून चालायची.

मुल्लाभाऊ आणि आमची ओळख खडकीची. आमचे हे फॅक्टरीत होते, आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो, आणि मुल्लाभाऊ लष्कराचे कपडे शिवायचे. पुढे दोघांनी एकाच इमारतीत समोरासमोर घरं घेतली. आता हे नाहीत, भाभी नाहीत. आम्ही दोघं उरलोय, एकमेकांची वर्तमानपत्रं पळवायला.

मारीतचं मराठी पुस्तकातलं होतं. "आजी, मला तहान लागलेली आहे," असं म्हणायची. कधी "मी आलो" म्हणायची, कधी "माझी पोट". पण घाबरायची नाही. तिच्या गावात पस्तीस घरं, एक दुकान, आणि आठवड्यातून तीनदा बोट. हिवाळ्यात दीड महिना सूर्य उगवतच नाही म्हणे. एकदा तिने घरच्यांना लिहिलेलं पत्र मला मराठीत करून वाचून दाखवलं. त्यात होतं, "मी फार दूरच्या, कोपऱ्यातल्या ठिकाणी राहते."

"कोपऱ्यातलं कोण?" मी विचारलं. "धायरी?"

"हो."

"अगं, फाट्यावर रस्ता ओलांडायला मला अर्धा तास लागतो. तुमच्याकडे पस्तीस घरं आणि बोट, आणि कोपऱ्यात आम्ही?"

तिने थोडा विचार केला आणि ते वाक्य खोडलं. मला ते आवडलं. चूक दाखवली की खोडणारी माणसं कमी असतात. मी त्यातली नाही.

रोज सकाळी ती बांधकामावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायची. तिथे मजुरांची वीस-बावीस मुलं. कानडी बोलणारी, तेलुगू बोलणारी, दोन-तीन विदर्भातली. त्यांना ही नॉर्वेची पोरगी मराठी अक्षरं शिकवणार. मुल्लाभाऊ म्हणायचे, "वहिनी, हे म्हणजे मी जाऊन तुमच्या भटजींना मंत्र शिकवण्यासारखं आहे." पण ती जायची. दुपारी खडूने पांढरी आणि उन्हाने लाल होऊन परत यायची.

पहिल्याच दिवशी तिने सांगितलं होतं, शेंगदाणे चालत नाहीत. खाल्ले तर मरू शकते. सुनीताने गंभीर होऊन मान हलवली. मी मनात म्हटलं, थेरं. आमच्याकडे बाळंतिणीला शेंगदाणे, पैलवानाला शेंगदाणे, उपासाला शेंगदाणे. शेंगदाण्याने कोणी मेल्याचं मी सत्तर वर्षांत ऐकलं नव्हतं. सुनीताने कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं: शेंगदाणे नाही. शेंगदाणा तेल नाही. चिक्की नाही. तेल सूर्यफुलाचं आणलं. कुटाची बरणी मुल्लाभाऊंकडे पाठवून दिली. स्वयंपाक तीच करायची, सकाळी कर्वेनगरला शाळेत कामावर जायच्या आधी.

माझा उपासाचा छोटा डबा मात्र मी देवघराच्या कपाटात ठेवला होता. चतुर्थीला खिचडी लागते. सुनीताला सांगितलं नाही. देवाच्या कपाटात कोण हात घालतंय?

महिनाभर आम्ही सगळ्यांनी बिनकुटाचं खाल्लं. बटाट्याची भाजी कोरडी, वांग्याला अंग नाही, कोशिंबिरीला पाणी सुटलेलं. मारीत म्हणायची, "छान आहे, आजी." मला राग यायचा. माझ्या घरची कोशिंबीर खाऊन कोणीतरी परदेशात जाणार आणि सांगणार की ही अशी असते.

संध्याकाळी आम्ही गच्चीवर कुरडया राखायला बसायचो. कावळ्यांना हाकलायचं काम तिचं. असंच एकदा तिने विचारलं, "आजी, तुझ्या आयुष्याचा अर्थ काय?"

मला वाटलं, मराठी चुकलं. म्हटलं, "पुन्हा म्हण."

तिने पुन्हा तेच म्हटलं. मग सांगायला लागली. ती कॉलेज मध्येच सोडून आली होती. घरी सगळं होतं. आई, बाप, गरम घर, बोट. पण सकाळी उठून का उठायचं ते कळत नव्हतं. म्हणून इतक्या लांब आली, की कोणाच्या तरी उपयोगी पडलं तर अर्थ सापडेल.

मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या पुस्तकात धड्याखाली असायचं, 'शब्दांचे अर्थ लिहा'. ते मी लिहायचे, बरोबर यायचे. माणसांचे अर्थ लिहा असं कुठल्या धड्याखाली नव्हतं. मी तिला तेच सांगितलं. ती म्हणाली, "मग तू सकाळी का उठतेस?"

"नळाला पाणी येतं म्हणून. दिवसाआड येतं. झोपून राहिलं तर जातं."

ती खूप हसली. मी विनोद केला नव्हता.

मग तो दिवस. चैत्रातली दुपार, वाऱ्याचा पत्ता नाही. ती रोजच्यापेक्षा लवकर आली आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसली. इमारतीचं काम संपलं होतं. मजूर सकाळीच सामान ट्रकमध्ये टाकून दुसरीकडे गेले होते. मुलंही गेली. आदल्या दिवशी कोणी काही सांगितलं नव्हतं. ती शेडमध्ये गेली तर आत एक फळा आणि एक कुत्रा.

"ती 'क' पर्यंत आली होती," ती म्हणाली. "मी त्यांना 'ख' दिला नाही."

आणि रडायला लागली. हुंदके देऊन नाही. नुसतं डोळ्यांतून पाणी गळत होतं. "मी कोणाच्या उपयोगाची नाही, आजी."

मला रडणाऱ्या माणसाशी बोलता येत नाही. मी म्हटलं, "जेवलीस का?" ती नाही म्हणाली. सुनीताने केलेल्या पोळ्या होत्या. मी दोन काकड्या चोचवल्या. मीठ, साखर, लिंबू, हिंगजिऱ्याची फोडणी. कालवली, चव घेतली. फिकी. रोजच्यासारखीच फिकी. आणि त्या दिवशी मला ते सहन झालं नाही. मी देवघराच्या कपाटातून डबा काढला आणि मूठभर कूट घातलं.

लोक म्हणतात, आजीने मायेने घातलं. मायेने नाही. हट्टाने घातलं. पोरगी रडतेय, आज तरी नीट खाऊ दे, हे खरं. पण त्याच्या खाली दुसरं होतं, की बघूया काय होतं ते. दोन्ही एकाच मुठीत होतं.

तिने ताटाकडे बघून विचारलं, "शेंगदाणे नाहीत ना, आजी?" ती रोज विचारायची, कुठलाही घास घ्यायच्या आधी.

मी म्हटलं, "एकसुद्धा नाही."

हे खोटं होतं का? चार वर्षं मी या प्रश्नाशी बसले आहे. शेंगदाणा म्हणजे सालासकट असतो तो, मुठीत घेऊन खातो तो. कूट हे मला शेंगदाणे वाटतच नाही. मीठ, हळद, कूट. ते भाजीतच असतं. पोरीने शब्द बरोबर विचारला आणि मी शब्दाला धरून उत्तर दिलं. पण डबा मी लपवून ठेवलेला होता, आणि लपवलेली गोष्ट काय आहे हे लपवणाऱ्याला माहीत असतं. तेव्हा खोटं होतं. पूर्ण नाही, पण होतं.

तिने पहिला घास खाल्ला आणि म्हणाली, "आज खूप छान आहे." याआधी नुसतं छान म्हणायची.

मोजता मोजता मी ओरडत होते. कोणाला, ते आठवत नाही. मुल्लाभाऊ बनियनवरच धावत आले. खाली त्यांची जुनी व्हॅन उभी असायची, आठवड्यातून एकदा बाहेर काढायचे. दोघांनी मिळून पोरीला लिफ्टपर्यंत नेलं. ती आमच्यापेक्षा हातभर उंच, तिचे पाय मागे घासत होते. वॉचमन धावला. फाट्यावर नेहमीसारखी गाड्यांची रांग. मुल्लाभाऊ खडकीपासून माझ्या माहितीत कधी हॉर्न वाजवत नसत, असभ्य वाटतं म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी तळहात हॉर्नवर ठेवला तो दवाखाना येईपर्यंत उचलला नाही. मी मागे बसून तिचे पाय मांडीवर घेतले होते. शिट्टी अजून वाजत होती. वाजतेय तोवर आहे, असं मी धरून चालले होते.

आत नेलं, पडदा ओढला. थोड्या वेळाने एक डॉक्टरीण बाहेर आली. माझी नात शोभेल एवढीच.

"काय खाल्लं होतं त्यांनी?"

"पोळी आणि काकडीची कोशिंबीर."

"कोशिंबिरीत काय काय?"

"काकडी, मीठ, साखर, लिंबू, फोडणी."

"आणि?"

मुल्लाभाऊ माझ्याकडे बघत होते. कुटाची बरणी त्यांच्याच घरी होती. त्यांना वाटलं असेल, म्हणजे कूट तरी नसणार.

"कूट," मी म्हटलं.

तिचं पेन थांबलं. "आजी, कूट म्हणजे शेंगदाणेच ना?"

"हो," मी म्हटलं. कोणीतरी असं समोर उभं राहून विचारल्यावर ते मला पहिल्यांदा ऐकू आलं.

तिने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. "इंजेक्शन कोणी दिलं?" एवढंच विचारलं. मी दिलं म्हटल्यावर म्हणाली, "वेळेवर दिलंत," आणि आत गेली. मला शिव्या चालल्या असत्या.

संध्याकाळी नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "वाचली बघा पोरगी. जा, भेटा." मी आत गेले. तोंड अजून सुजलेलं, डोळे बारीक झालेले. नर्सचं बोलणं तिने ऐकलं होतं. घोगऱ्या आवाजात विचारलं, "आजी, मी काय वाचलं?"

मला आधी कळेना. मग सांगितलं, "अगं, आमच्यात पुस्तक वाचतात, आणि मरता मरता माणूसही वाचतं. शब्द एकच."

"का?"

"मला काय माहीत. चौथी पास आहे मी."

मग मी तिला कुटाचं सांगितलं. डबा, देवघराचं कपाट, मूठ, एकसुद्धा नाही म्हटलं ते, सगळं. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, "सावकाश बोल, मला शब्द माहीत नाही." कूट हा शब्द तिला माहीतच नव्हता. महिनाभर ती योग्य प्रश्न विचारत होती, पण अर्धाच. तिने वही मागितली. सलाईन लावलेल्या हाताने वाकडंतिकडं लिहिलं: कूट. मग ती माझ्याकडे न बघता खिडकीकडे वळली. मी उठले नाही. ती मला जा म्हणाली असती तर गेले असते.

घरी सुनीता म्हणाली, "आई, मी कागद लावला होता."

"त्यावर कूट लिहिलं नव्हतं."

"कूट काय वेगळं लिहायचं असतं का?" असं म्हणून तिने पेन घेतलं आणि त्या कागदाखाली मोठ्या अक्षरात लिहिलं: कूट नाही.

संस्थेच्या बाई आल्या. बरोबरच होतं त्यांचं. म्हणाल्या, "आम्ही हिची सोय कर्वेनगरला एका घरी केली आहे. आजी, राग मानू नका, पण आता इथे ठेवता येणार नाही." मी म्हटलं, "राग कसला? मी तुमच्या जागी असते तर कालच नेली असती." मारीतची पिशवी मीच भरायला घेतली. सलवारींच्या घड्या घालत होते.

मारीत पलंगावर बसून होती. बाईंना म्हणाली, "मी तिथे नको. इथे."

"अगं, का?"

"तिथल्या आजीला निळं-केशरी येतं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"या आजीला येतं," मारीत म्हणाली. "आणि आता ही आजी घाबरते. तिथली आजी घाबरत नाही. ते वाईट."

मी पिशवीतून सलवारी काढल्या आणि पुन्हा कपाटात ठेवल्या. तिने मला माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती ताटावर बसली की विचारायची, "शेंगदाणे नाहीत, कूट नाही, पावडर नाही, भुगा नाही, आजी?" आणि मी हात वर करून सांगायचे, "नाही, नाही, नाही, नाही." कोर्टात शपथ घेतात तशी. मुल्लाभाऊ एकदा जेवायला होते, ते म्हणाले, "वहिनी, माझ्या ताटाचीही चौकशी करा. मलाही आता भरवसा राहिला नाही."

त्यानंतर ती पाच महिने राहिली. संस्थेने तिला दुसऱ्या बांधकामावर पाठवलं. तिथे तिने पहिल्याच आठवड्यात सगळी अक्षरं भिंतीवर रंगवून टाकली, क पासून ज्ञ पर्यंत. न जाणो कधी ट्रक येईल. मी तिला चीक घोटायला शिकवला. तीन दिवस गहू भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, आणि घोटताना हात थांबवायचा नाही. हात थांबला की गाठी. गरम चीक दूध-साखर घालून ती वाटीभर खायची आणि वाटी चाटायची. उन्हाने नाकाची साल गेली होती. त्या वैशाखात आमच्या गच्चीवर एकही कावळा उतरला नाही.

जाताना मी विचारलं, "सापडला का गं तुझा अर्थ?"

"नाही," ती म्हणाली. "सोऱ्या सापडला." माझा पितळी सोऱ्या तिच्या सामानात होता. मीच दिला होता. त्या पस्तीस घरांच्या गावात ती आता कुरडया घालते. ऊन नाही म्हणून शेगडीशेजारी वाळवते. फोनवर दाखवल्या. वेड्यावाकड्या, पण पांढऱ्या. आता ती तिथल्या शाळेत आहे, अकरा मुलांना शिकवते. फोन लागला की पहिल्यांदा विचारते, "आजी, आज पाणी आलं का?"

मी देवाचे आभार मानत नाही. डबा त्याच्याच कपाटात होता आणि त्याने काही केलं नाही. मी मुल्लाभाऊंच्या हॉर्नचे मानते. त्या डॉक्टरणीचे मानते, जी बोलली नाही. ज्याने कोणी त्या नळीला निळं आणि केशरी असे दोन रंग दिले, म्हणजे माझ्यासारखीलाही चुकता येणार नाही, त्याचे मानते. आणि मारीतचे. हसणाऱ्या म्हातारीलाही तिने शिकवायचं सोडलं नाही.

सुनीता म्हणते, "आई, आता तर घाला कूट. ती इथे नाही." मी म्हणते, मला चव आठवत नाही. खोटं आहे, चांगली आठवते. चतुर्थीची खिचडीही बिनकुटाची खाते. काल आणलेल्या काकड्यांची कोशिंबीर केली, फिकी झाली, सगळी संपली.

फ्रिजवरचा कागद पिवळा पडलाय, एक कोपरा सुटलाय. मी तो काढू देत नाही. त्या दुपारी घरात आम्ही दोघी होतो. मारीत वाचली. मीही वाचले.